सेना दिन, फेटा आणि तिळगूळ: १५ जानेवारीचा कार्यक्रम कोल्हापुरात कसा बसवावा

१५ जानेवारीला बऱ्याच गोष्टी एकाच तारखेवर येऊन बसतात. सेना दिन असतोच. ऑलिम्पिकवीर पैलवान खाशाबा जाधवांची जयंतीही त्याच दिवशी, आणि ती आता राज्य क्रीडा दिन म्हणून साजरी होते. आदल्या दिवशी बहुधा संक्रांत झालेली असते, डबे तिळगुळाने भरलेले असतात. अमेरिकेत हीच तारीख हौसेने टोपी दिन म्हणून पाळतात, आणि २००१ साली विकिपीडिया सुरू झाला तोही याच दिवशी. शाळा, तालीम, सोसायटी किंवा गावच्या माजी सैनिक संघटनेला एवढे निमित्त भरपूर झाले.

अडचण येते ती क्रमाची. मानवंदना चालू असताना मागे पोरांनी रस्सीखेचीचा दोर ओढायला सुरुवात केली, किंवा वीरपत्नीच्या सत्काराआधी फेट्याची स्पर्धा उरकली, की मंडळींचे मन दुखावते आणि ती पुढच्या वर्षी येत नाहीत. म्हणून एकच नियम पक्का ठेवावा: आधी मान, मग चहा, मग मजा. मधला चहा हाच दोन भागांतला उंबरठा. पुढची सगळी मांडणी साधारण १०० माणसे धरून केली आहे.

फलकावर काय लिहावे

पहिली चूक इथेच होते. सेना दिन हा भारतीय सेनेचा स्थापना दिन नव्हे. १५ जानेवारी १९४९ रोजी जनरल करिअप्पा यांनी सर फ्रान्सिस रॉय बुचर यांच्याकडून सरसेनापतिपदाची सूत्रे घेतली. त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय, आणि त्याची ही आठवण. पलटणी त्याहून कितीतरी जुन्या आहेत; मराठा लाइट इन्फन्ट्रीची पहिली पलटण १७६८ ची. त्यामुळे फलकावर ‘सेनेचा वर्धापनदिन’ असे न लिहिता ‘७८ वा सेना दिन’ असे लिहावे. आकडा काढायला सोपे गणित आहे: चालू सालातून १९४८ वजा करा. १९४९ चा दिवस पहिला धरतात, म्हणून २०२६ चा अठ्ठ्याहत्तरावा.

कोल्हापूरचा धागा फलकावर किंवा पाच मिनिटांच्या प्रास्ताविकात जरूर आणावा, कारण तो खरोखर दांडगा आहे. संस्थानची राजाराम रायफल्स पुढे मराठा लाइट इन्फन्ट्रीत सामील झाली. टेंबलाई टेकडीवर प्रादेशिक सेनेची १०९ मराठा बटालियन आहे. शिरोळ तालुक्यातल्या टाकळीला लोकांनी ‘सैनिक टाकळी’ म्हणावे इतके जवान त्या एका गावाने दिले. लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात हे याच जिल्ह्याचे. १९४५ च्या जानेवारीत ब्रह्मदेशातल्या कांगॉच्या लढाईत त्यांनी आपली पलटण लढवली आणि डी.एस.ओ. हे लष्करी पदक मिळवले, कोरियात युद्धकैद्यांच्या देखरेखीसाठी गेलेल्या भारतीय दलाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते. शाळेतल्या पोरांना दिल्लीच्या संचलनापेक्षा हे जवळचे वाटते.

महिनाभर आधीची कामे

१५ जानेवारीला सुट्टी नसते. शाळेत करणार असाल तर सकाळी ८ ते साडेअकरा ही वेळ बरी. सूर्य सातनंतरच उगवतो आणि त्या दिवसांत गारठा असतो. वयस्कर माणसांना साडेसातला मैदानावर आणून बसवू नये. पेठेत किंवा सोसायटीत करायचे असेल तर जवळचा रविवार घ्या, मात्र फलकावर मूळ तारीख लिहा. रस्त्यावर मांडव घालणार असाल तर महापालिकेची आणि ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यातच मागून ठेवावी.

पाहुण्यांच्या यादीसाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाशी बोला. तालुक्यातल्या माजी सैनिकांच्या, वीरमाता-वीरपिता आणि वीरपत्नींच्या नोंदी त्यांच्याकडे असतात. आपल्या गल्लीतला एखादा हवालदार आपल्यालाच ठाऊक नसतो, असे फार वेळा होते. सेवेतले अधिकारी किंवा बँड हवा असेल तर लेखी विनंती किमान चार आठवडे आधी करावी. तरीही भरवसा धरू नये. तो त्यांचाही घरचा दिवस असतो. महाविद्यालयाचे छात्रसेनेचे (एनसीसी) पथक मिळणे सोपे. मानवंदनेला आठ छात्र आणि एक बिगूलवाला पुरेसा.

निमंत्रणात हुद्दा बिनचूक हवा. आधी हुद्दा, मग नाव, आणि ‘निवृत्त’ सगळ्यात शेवटी कंसात. ‘सुभेदार (निवृत्त) अमुक’ असे लिहू नये. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. चढता क्रम असा: शिपाई, लान्स नाईक, नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर, आणि त्यावर अधिकारी. काहींना निवृत्तीच्या सुमारास मानद लेफ्टनंट किंवा मानद कॅप्टन हा हुद्दा मिळालेला असतो, तो विचारून घ्या. व्यासपीठावरून पुकारताना ‘सुभेदार साहेब’, ‘हवालदार साहेब’ असेच म्हणा. ‘काका’ चहाच्या वेळी.

फोनवर तीन गोष्टी विचारा: जिने चढवतात का, साखर किंवा तिखट चालते का, पदके लावून येणार का. स्वतःची पदके डाव्या छातीवर. हुतात्म्याच्या घरच्यांनी लावायची तर उजव्या छातीवर. पदके कपाटातून निघतात तेव्हा फितीची पिन गंजलेली असते, म्हणून स्वागताच्या टेबलावर दहाबारा सेफ्टी पिना ठेवा.

ज्यांचे चिरंजीव सध्या सेवेत आहेत त्यांच्याबद्दल एक पथ्य कसोशीने पाळा. जवानाचे नाव, पलटण आणि नेमणुकीचे ठिकाण या तिन्ही गोष्टी फलकावर किंवा व्हॉट्सॲपवर एकत्र जाता कामा नयेत. ‘गावचा सुपुत्र’ एवढे भागते.

आणखी एक ठरवूनच टाका: मुलांना लढाऊ ठिपक्यांचा गणवेश घालून नाचवायचे नाही. २०२२ साली आलेल्या नव्या गणवेशाचे डिझाइन सेनेने नोंदवलेले आहे आणि तो बाजारात विकायला परवानगी नाही. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी तसा पोशाख करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली गुन्हा आहे. पोरांचा हेतू तसा नसतो हे खरे. पण बाजारू कापडावर खोटी पदके शिवलेली पाहून समोर बसलेल्या खऱ्या पदकवाल्याला काय वाटत असेल? पांढरा सदरा आणि फेटा त्याहून कितीतरी रुबाबदार दिसतो.

पहिला भाग: मानवंदना, ४५ मिनिटे

सेना दिनाला झेंडावंदन केलेच पाहिजे असे बंधन नाही. पुष्पचक्राने काम भागते आणि चुका कमी होतात. तिरंगा व्यासपीठावर ठेवणार असाल तर काठीवर, वक्ता लोकांकडे तोंड करून उभा राहिल्यावर त्याच्या उजव्या हाताला. भिंतीवर लावायचा तर वक्त्याच्या मागे आणि डोक्याच्या वर. टेबलावर अंथरायचा नाही, खांबांना गुंडाळायचा नाही.

पुष्पचक्र विकत मिळते, पण घरी केलेले भरगच्च होते आणि मुलांना काम मिळते. बुरुडाकडून दीड हात व्यासाचे बांबूचे कडे करून घ्या. त्यावर वाळलेले गवत किंवा उसाचा पाचट मनगटाएवढ्या जाडीने सुतळीने घट्ट आवळा. गवत सैल राहिले तर फुलांच्या वजनाने कडे खाली लोंबते आणि गोलाचे अंडे होते. आदल्या रात्री त्यावर पाणी मारा. ओल्या गवतात देठ टिकतो. झेंडू अडीच ते तीन किलो लागतो, मधे पांढऱ्या शेवंतीचा एक पट्टा. फूल गवतात नुसते खोचले तर उचलताना गळते. देठाच्या टोकाला बारीक तार वळवा, मग खोचा, आणि बाहेरच्या कडेपासून आत या. मागे तिकाटणे बांधून चक्र किंचित मागे रेललेले ठेवा. सरळ उभे केले तर वाऱ्याने तोंडावर पडते. संस्थेचे नाव छोट्या पट्टीवर, खालच्या बाजूला.

क्रम असा ठेवा. पाहुणे बसले की पहिल्या रांगेकडे एकदा नजर टाका: तिथे वीरपत्नी, वीरमाता-वीरपिता आणि सर्वांत वयोवृद्ध सैनिक हवेत. नगरसेवक, चेअरमन मंडळी दुसऱ्या रांगेत. हे आधीच खुर्चीवर चिठ्ठ्या लावून करा, ऐनवेळी कुणाला उठवणे जमत नाही. भारतीय बैठक नको, गुडघे कुरकुरतात.

मग पुष्पचक्र. ज्येष्ठ सैनिक आणि एक विद्यार्थी दोघांनी मिळून दोन्ही हातांनी ठेवावे, दोन पावले मागे यावे, सावधान उभे राहावे. बिगुलावर लास्ट पोस्ट ही श्रद्धांजलीची धून, दोन मिनिटे स्तब्धता, मग राऊझ ही स्तब्धता संपल्याची धून. बिगूलवाला नसेल तर ध्वनिमुद्रण चालते. फक्त तो फोन ‘फ्लाइट मोड’वर टाका, नाहीतर स्तब्धतेतच फोन वाजतो. दोन मिनिटे घड्याळावर मोजा; अंदाजाने मोजणारा चाळीस सेकंदांतच ‘विश्राम’ म्हणतो. स्तब्धता झाली की राष्ट्रगीत, ५२ सेकंद. गणवेशातल्यांनी सॅल्यूट करायचा, बाकीच्यांनी सावधान. साध्या कपड्यातल्या मुलांना सॅल्यूट शिकवू नका.

त्यानंतर प्रास्ताविक पाच मिनिटे, एका सैनिकाचे मनोगत दहा मिनिटे, आणि सत्कार. शाल, श्रीफळ, ट्रॉफी, गुच्छ असे चार नग एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिले की त्यांना नमस्कारही करता येत नाही. शाल आणि नारळ पुरेत, आणि खुर्चीजवळ एक कापडी पिशवी ठेवा. व्यासपीठावर बोलावण्यापेक्षा सत्कार करणाऱ्यानेच रांगेपाशी जावे. एका माणसाला एक मिनिट धरले तर पंचवीस सत्कारांना पंचवीस मिनिटे जातात. त्याहून जास्त नावे असतील तर भाषणे कापा, सत्कार कापू नका.

उंबरठा: चहा आणि तिळगूळ, ३० मिनिटे

या अर्ध्या तासात व्यासपीठ आवरून मैदान मोकळे करायचे. १५० कप चहाला ८ लिटर दूध, ८ लिटर पाणी, सव्वा किलो साखर, ३०० ग्रॅम चहा पूड. बिनसाखरेचे किटलीभर वेगळे.

संक्रांत १४ ला असेल तर १५ ला किंक्रांत येते, आणि काही घरांत त्या दिवशी नवे काही सुरू करत नाहीत. वडीलधाऱ्यांना आधी विचारून घ्या. मानवंदना काही मंगलकार्य नव्हे आणि तिळगूळ तर रथसप्तमीपर्यंत चालतो, त्यामुळे हरकत सहसा येत नाही. पण विचारल्याचा मान राहतो.

दोनशे छोट्या लाडवांना तीळ सव्वा किलो, गूळ सव्वा किलो, भाजलेल्या दाण्यांचा कूट ४०० ग्रॅम, तूप ७५ ग्रॅम आणि वेलची पूड. इथे चिक्कीचा गूळ वापरू नका. त्याचे लाडू कडक होतात आणि निम्म्या पाहुण्यांना कवळी असते. साधा कोल्हापुरी गूळ घ्या, किसून तुपात मंद आचेवर विरघळवा. बुडबुडे येऊन फेसाळला की वाटीभर पाण्यात थेंब टाका: बोटांनी मऊ गोळी वळली की लगेच गॅस बंद. थेंब टणक होऊन वाटीवर ‘टण’ वाजला तर पाक पुढे गेला, तो चिक्कीला ठेवा. एका वेळी अर्धा किलो गुळाचाच घाणा घ्यावा. सगळे एकदम केले तर शेवटचे शंभर लाडू वळण्याआधीच मिश्रण आळते. आळलेच तर पातेले गरम पाण्यात धरा, पुन्हा गॅसवर ठेवू नका. ‘गोड बोला’ म्हणत मुलांनी आधी सैनिकांना द्यायचा, मग एकमेकांना.

टोपी दिनाचा फेटा

टोपीचा दिवस कोल्हापुरात फेट्यानेच साजरा व्हावा. इथे एक फरक करा: पाहुण्यांचे फेटे कार्यक्रमाआधी, स्वागतालाच बांधा. हौसेचे फेटे चहानंतर.

सराईत माणूस दोन-तीन मिनिटांत एक फेटा बांधतो, म्हणजे तीस फेट्यांना दीड तास. दोन बांधणारे सांगा. कापड साधारण सहा ते आठ मीटरचे, सुती किंवा मलमल. गुळगुळीत सिंथेटिक कापड पीळ धरत नाही आणि तासाभरात कपाळावर घसरते. शिकवताना पायऱ्या अशा: कापड लांबीत चुण्या करून हातभर रुंदीचे करा, शेमला म्हणून पाठीवर सोडायचे टोक आधी मोजून वेगळे ठेवा, पहिला वेढा कपाळावरून कानांच्या वरून घट्ट, पुढचे प्रत्येक वेढे आधीच्यावर तिरके, एकदा डावीकडून एकदा उजवीकडून, शेवटचे टोक मागून वर काढून तुरा करा. पहिला वेढा सैल झाला की पुढे कितीही आवळा, फेटा बसत नाही. मुलींनाही बांधा. वेणी असेल तर आंबाडा वर न घेता मानेवर ठेवावा.

स्पर्धा घ्यायची तर जोडीने घ्या: एक माजी सैनिक आणि एक विद्यार्थी, चार मिनिटे. फेटा बांधून वीस पावले संचलन करायचे, जो टिकला तो जिंकला. यात सैनिक मंडळी अशी खुलतात की पाहत राहावे.

क्रीडा दिनाची रस्सीखेच

खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, पण शिकले कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला जायला पैसे कमी पडले तेव्हा प्राचार्य बाळासाहेब खर्डेकरांनी स्वतःचे घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. तिथून खाशाबांनी कुस्तीत कांस्यपदक आणले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक. खेळाआधी एवढे सांगा आणि शिट्टी वाजवा.

कुस्ती लावायला आखाडा आणि जाणता पंच लागतो. रस्सीखेच सोपी, आणि पलटणीतलाही आवडता खेळ. दोर तागाचा किंवा मनिला, ३३.५ मीटर लांब, परीघ १० ते साडेबारा सेंटिमीटर. लक्ष्मीपुरीत मिळणारा नायलॉनचा दोर स्वस्त पडतो, पण तो ताणून परत उसळतो आणि तळहात सोलतो. मध्यावर लाल फीत, दोन्ही बाजूंना ४ मीटरवर पांढरी, ५ मीटरवर निळी. पहिला गडी निळ्या खुणेच्या मागे. जमिनीवर एकच मधली रेघ. समोरच्यांची पांढरी फीत त्या रेघेवर आली की डाव संपला. संघात आठ जण, तीन डावांत दोन जिंकणारा विजयी.

दोर हाताला गुंडाळायचा नाही आणि गाठ कुठेच मारायची नाही, शेवटच्या गड्यानेसुद्धा नाही. त्याने दोर काखेतून पाठीवर तिरपा घेऊन दुसऱ्या खांद्यावरून पुढे आणायचा आणि काखेत दाबायचा. बोटे मोडतात ती गुंडाळल्यामुळेच. जिंकल्यावर दोर एकदम सोडू नका, समोरचे आठही पाठीवर आपटतात. साठीपुढच्या सैनिकांना पंच करा. ओढायला बोलावले तर ते नाही म्हणणार नाहीत, आणि तोच धोका आहे.

विकिपीडियाचे काम दोन-तीन कॉलेजच्या मुलांकडे द्या. मराठी विकिपीडियावर आपल्या गावाच्या लेखात युद्धस्मारकाची ओळ आणि स्वतः काढलेला फोटो टाकायचा, छापील संदर्भासह. संदर्भ नसेल तर मजकूर उडतो. हयात माणसांची खासगी माहिती घालू नये.

बडा खाना

सेनेत बड्या खान्याला अधिकारी आणि जवान एका पंगतीत जेवतात. म्हणून इथे व्हीआयपी टेबल ठेवूच नका. रात्रीचे जेवण असेल तर तांबडा-पांढरा रस्सा. किंक्रांतीला चालतो, पण सालात संक्रांतच १५ ला आली असेल तर बेत शाकाहारी करा. सकाळच्या कार्यक्रमाला मिसळ उत्तम.

शंभर माणसांना सुकी मटकी ४ किलो. १३ ला सकाळी भिजवा, रात्री उपसून ओल्या सुती कापडात बांधा. थंडीत मोड यायला चोवीस तासही लागतात. प्लास्टिकखाली कोंडली तर बुळबुळीत होऊन वास येतो. कट २५ लिटर: कांदा ३ किलो, सुके खोबरे पाऊण किलो, लसूण ४०० ग्रॅम, आले २०० ग्रॅम, घरची कांदा-लसूण चटणी ६०० ग्रॅम, तेल २ लिटर. चटणी तेलात टाकल्यावर दहा-पंधरा सेकंदांत गरम पाणी ओता. करपली की कट काळा आणि कडू. गार पाणी ओतले तर तर्री वर येत नाही. फरसाण ५ किलो, वरून घालायला कांदा ३ किलो, लिंबे ४०, कोथिंबीर सहा जुड्या. पाव नको, ब्रेडच द्या: माणशी तीन स्लाइस आणि थोडे जादा धरून साडेतीनशे. चार लिटर कट कमी तिखटाचा वेगळ्या भांड्यात, आणि ३ किलो दही.

दुसऱ्या तारखा

हाच साचा इतर दिवसांनाही बसतो. ४ फेब्रुवारीला मराठा लाइट इन्फन्ट्रीचा मराठा दिन, तानाजी मालुसऱ्यांच्या कोंढाण्याच्या लढाईची आठवण. ८ ऑक्टोबर हवाई दलाचा, १९३२ पासूनचा. ४ डिसेंबर नौदलाचा, १९७१ च्या कराचीवरील हल्ल्याच्या स्मरणाचा, आणि लगेच ७ ला ध्वजदिन. ध्वजदिनाचा निधी रोख गोळा करताना पावती जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचीच हवी.

हवाई दल दिनाच्या दुसऱ्या दिवशी, ९ ऑक्टोबरला, जागतिक टपाल दिन असतो. तेव्हा मुलांकडून जवानांना पोस्टकार्डे लिहून घ्या. मजकूर स्वतःच्या हाताने, पाच-सहा ओळी: आपले गाव, शाळा, यंदाचा पाऊस, घरातली एखादी गंमत. ‘तुम्ही कुठे आहात’ असे विचारायचे नाही. मुलाचा घरचा पत्ता न घालता शाळेचा घाला, सगळी कार्डे एका शिक्षकाने वाचून एकाच पाकिटात बांधा आणि सैनिक कल्याण कार्यालयाच्या सल्ल्यानेच पुढे पाठवा. उत्तर आले तर ते वर्गात मोठ्याने वाचा. आले नाही तर सीमेवर टपालाला वेळ लागतो, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवा.